किती मिनिटांनी अडकतं?

आई-बाबांनो, आज तुमच्याशी थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे. ज्यांच्या घरात आठवी ते बारावीच्या मधलं कुणी आहे आणि बंद दाराआडून "अरे यार, परत अडकला!" असा आवाज ज्यांना रोज ऐकू येतो, त्यांच्याशी खास करून.

मी संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बावीस वर्षं झाली. मशीन बंद पडलं की फोन मला येतो. २०२५ च्या मे महिन्यात माझा मुलगा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पप्पा, गेम लॅग मारतोय. नवीन ग्राफिक्स कार्ड लागेल." किंमत विचारली, तर तीस हजारांच्या आसपास. नववीचा निकाल नुकताच लागलेला, दहावी डोक्यावर आलेली. मी म्हटलं, "अभ्यासाचं बोल." विषय संपला. त्याने दार लावून घेतलं आणि पुढचे दोन दिवस जेवताना तो माझ्याशी "हो" आणि "नको" या दोनच शब्दांत बोलला.

तिसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी मी त्याच्या खोलीत गेलो आणि मागे खुर्ची टाकून नुसता बसलो. तो अवघडला, पण खेळत राहिला. पंधरा-वीस मिनिटं गेम अगदी सुरळीत चालला. मग चित्र झटके खायला लागलं. माणूस एका जागी दिसायचा आणि पुढच्या क्षणी तीन हात पलीकडे. मी विचारलं, "रोज असंच होतं का? आधी बरा चालतो आणि मग अडकतो?" तो खुर्चीसकट वळला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "हो. बरोबर वीस मिनिटांनी."

कारखान्यात एखादं मशीन सकाळी नीट चालतं आणि तासाभराने कुरकुरायला लागतं, तेव्हा आम्ही नवीन मशीन मागवत नाही. आधी तापलंय का ते बघतो. ही साधी गोष्ट मला घरात दोन दिवस सुचली नव्हती, कारण मी गेमकडे बघतच नव्हतो. मला दिसत होतं ते फक्त मुलाचं खेळणं आणि माझे तीस हजार.

मूल एवढं वैतागतं कशाला, हे आधी समजून घेऊ या. तो खेळत होता तो गेम व्हॅलोरंट. २०२० च्या जूनमध्ये आला. त्याच जूनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या म्हणून आम्ही पाचवीतल्या मुलासाठी हा कॉम्प्युटर घेतला होता. पाच जणांचे दोन संघ, हातात बंदुका, कोपऱ्याआडून समोरचा अर्धा क्षण दिसतो आणि तेवढ्यात नेम धरायचा. पडद्यावरचं हलतं चित्र म्हणजे सिनेमासारखी एकामागून एक स्थिर चित्रं असतात. एका सेकंदात किती चित्रं निघतात, तो आकडा म्हणजे मुलांच्या तोंडी सतत असणारा एफपीएस. सेकंदाला ६० चित्रं काढायची तर एका चित्राला साधारण १७ मिलीसेकंद मिळतात. १४४ काढायची तर सातसुद्धा पुरे मिळत नाहीत. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढ्याशा वेळात प्रोसेसरने कोण कुठे आहे ते ठरवायचं, ग्राफिक्स कार्डाने ते रंगवायचं आणि पडद्याने ते दाखवायचं. यातलं एक जरी मागे राहिलं, तरी चित्र थांबतं. कॅरमच्या नाहीतर क्रिकेटच्या गेममध्ये असा झटका चालून जातो. इथे तेवढ्यात समोरच्याने गोळी झाडलेली असते. आपला नेम बरोबर असूनही आपण हरलो, हे मुलाला सहन होत नाही. आणि ते सांगायला घरात कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट मला त्या दुपारी कळली. "सरासरी तर शंभरच्या वर दिसतेय की," मी म्हणालो. तो म्हणाला, "सरासरीला काय करायचं?" खरं आहे. आपल्या संभाजीनगरकरांना हे वेगळं सांगायला नको. नळाचं आठवड्याचं पाणी सात दिवसांवर वाटून कागदावर मांडलं, तर बरं दिसतं. पण ते एकाच दिवशी येतं आणि मधले दिवस पिंप कोरडं असतं. तसंच चित्रांचं. सेकंदाला किती निघाली याहून मध्ये खंड किती पडला, ते महत्त्वाचं. म्हणून मुलाचा गेम तपासताना मोठा आकडा बघू नका. सगळ्यांत खाली आकडा किती जातो आणि केव्हा जातो, ते बघा.

आम्ही एक जुनी वही घेतली. रकाने पाडले: वेळ, एफपीएस, प्रोसेसरचं तापमान, रॅम (म्हणजे चालू कामापुरती स्मरणशक्ती) किती भरली. एफपीएस गेमच्या सेटिंगमध्येच दाखवता येतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती जागा खातंय ते दिसतं. तापमान दाखवणारी छोटी, फुकट सॉफ्टवेअर मिळतात. दर पाच मिनिटांनी नोंद, असं आमचं ठरलं. तो खेळत होता आणि मी लिहीत होतो. एकूण चाळीस मिनिटं. सुरुवातीला एफपीएस दीडशेच्या आसपास आणि तापमान ७८. विसाव्या मिनिटाला तापमान ९७ आणि एफपीएस साठ-सत्तर, मधूनच तिशीपर्यंत खाली. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर मला बोलावंच लागलं नाही. तोच म्हणाला, "पप्पा, हे तर तापतंय."

प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. तो बिघडलेला नसतो. भर उन्हात आपण पावलं सावकाश टाकतो ना, तसं ते आहे. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. बंद खोलीत दुपारी चाळीसच्या आसपासची हवा असेल, तर पंखा त्याच हवेने गार करणार. थंड देशात कुणी तपासून सांगितलेले आकडे आपल्या खोलीत तसेच येत नाहीत. इंटरनेटवरच्या व्हिडिओत दाखवलेला एफपीएस आपल्याकडे का येत नाही, असं मूल विचारतं, त्याचं एक उत्तर हे आहे.

आता चूक कुणाची, ते सांगतो. आमचा सीपीयू (म्हणजे ती सगळी पेटी, आपल्याकडे पेटीलाच सीपीयू म्हणतात) कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात होता. कप्प्याला दार. धूळ जाऊ नये म्हणून दार लावायला मीच सांगितलं होतं, पाच वर्षांपूर्वी. पेटीचे पंखे पुढून गार हवा घेतात आणि मागून गरम हवा टाकतात. बंद कप्प्यात ते तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत होते. त्यात खोलीत कुलर. त्याची ओलसर हवा नेमकी टेबलाच्या दिशेने. मी पेटी उघडली तेव्हा आत सुटी धूळ नव्हती. ओलाव्याने चिकटून प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीवर तिचा फेल्टसारखा थर बसला होता. बोटाने ओढला तर अख्खा तुकडा निघाला.

साफ कसं करायचं हे सविस्तर सांगतो, कारण इथे घाई केली तर नुकसान होतं. आधी पेटी वॉरंटीत आहे का आणि स्टिकर फाडल्याने ती जाईल का, ते बघा. कॉम्प्युटर बंद करून प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावर पेटीचं चालू करायचं बटण दहा-एक सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज उतरते. हात आधी पेटीच्या उघड्या लोखंडी भागाला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज सर्किटवर उतरणार नाही. मऊ ब्रश आणि छोटा ब्लोअर पुरतो. घर झाडायचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका आणि ओलं फडकं तर नाहीच. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेने पंखा भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. आणि एक गोष्ट ठामपणे सांगतो: ज्या डब्यात मेन लाइटची वायर जाते तो वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आत धक्का बसेल एवढी वीज साठलेली असू शकते. तो बाहेरून झटका, बस.

प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याखालची जाळी यांच्यामध्ये उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्ट असते. आमची पाच वर्षांत सुकून खडूसारखी झाली होती. जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. हे जमेल असं वाटत नसेल, तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, फार खर्च येत नाही. पण मुलाला बरोबर न्या आणि काम त्याच्यासमोर करायला सांगा.

कप्प्याचं दार काढलं. पेटी टेबलाबाहेर, जमिनीपासून वीतभर उंच पाटावर ठेवली आणि कुलरचं तोंड दुसरीकडे वळवलं. प्रत्येक बदलानंतर वही उघडून मोजलं. सगळं झाल्यावर पुन्हा खेळून बघितलं. चाळीस मिनिटांनी तापमान ८१ आणि एफपीएस दीडशेवर टिकलेला. खर्च पेस्टच्या नळीचा. मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मी तुम्हाला सांगू शकणार नाही. आणि खरं सांगायचं, तर माझ्या चेहऱ्यावरचाही.

आपल्या शहरात पाणचक्की आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, हौदातले मासे दाखवतो आणि परत येतो. पुढच्या रविवारी मी मुलाला तिथे मुद्दाम घेऊन गेलो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून नुसत्या उताराच्या बळावर येतं, भिंतीवरून पडतं आणि त्या धारेच्या जोरावर जातं फिरतं. त्यावर तिथल्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी पीठ दळलं जायचं. मी त्याला विचारलं, "जातं हळू फिरायला लागलं तर काय बदलशील?" तो म्हणाला, "जातं." मग थांबला आणि म्हणाला, "नाही. आधी पाणी कुठे अडलंय ते बघेन." डोंगरापासून जात्यापर्यंतच्या वाटेत नळ जिथे सगळ्यांत अरुंद असेल, तेवढंच पाणी पुढे येणार. पुढचा नळ कितीही रुंद केला, तरी धार वाढायची नाही. हौदाखालचं दालन उन्हाळ्यातही गार का राहतं, तेही त्याने विचारलं. वरचं पाणी दालनाच्या छताची उष्णता ओढून घेतं. आज महागड्या कॉम्प्युटरमध्ये पाण्याच्या नळ्या घालून प्रोसेसर गार करतात, त्यामागचं तत्त्वही उष्णता पाण्याला देण्याचंच आहे.

कारखान्यातही हेच दिसतं. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि या शहरातली किती घरं तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या असेंब्ली लाइनवर उभी आहेत. लाइनवर काम केलेल्या प्रत्येक आई-बाबाला हे माहीत असतं: सगळ्यांत हळू स्टेशन लाइनचा वेग ठरवतं. मग आपण हीच गोष्ट घरी मुलाला का सांगत नाही?

घरी येऊन आम्ही अरुंद नळ शोधला. त्याची एक सोपी चाचणी आहे, आणि ग्राफिक्स कार्डासाठी पैसे मोजण्याआधी प्रत्येक पालकाने ती करून घ्यावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. गेमच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार, म्हणजे रिझोल्युशन, तात्पुरता कमी करायचा. १९२० बाय १०८० च्या चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. १२८० बाय ७२० मध्ये साधारण सव्वानऊ लाख. म्हणजे रंगवायचं काम निम्म्याहून कमी होतं. रंगवणारा कोण? ग्राफिक्स कार्ड. आता एफपीएस एकदम वाढला, तर कार्ड कमी पडत होतं. एफपीएस जागचा हलला नाही, तर कार्डाला आधीच काम कमी आहे आणि अडतंय ते दुसरीकडे.

आमचा एफपीएस १५० वरून १५४ झाला.

मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. तीस हजारांचं कार्ड आणलं असतं, तर तेच चार वाढले असते. मी माझ्या रागापोटी "नाही" म्हटलं होतं. ते उत्तर योगायोगाने बरोबर निघालं. पण कारण माहीत नसताना दिलेलं बरोबर उत्तर मुलाला पटत नाही आणि पटूही नये.

अजून मधूनच एखादा झटका बसत होता, विशेषतः गेममध्ये धुराचे गोळे फुटले की. वहीत रॅमचा रकाना बघितला, तर ८ जीबीची एकच पट्टी आणि ती नव्वद टक्के भरलेली. मागे ब्राउझर उघडा, गप्पांचं ॲप उघडं, आणखी चार गोष्टी कॉम्प्युटर सुरू होतानाच आपोआप चालू झालेल्या. नको ते बंद केलं. शिवाय रॅमची एकच पट्टी म्हणजे जालना रोडचा एकच पदर उघडा ठेवण्यासारखं आहे. दोन सारख्या पट्ट्या मदरबोर्डावर (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीवर) नेमून दिलेल्या खाचांत लावल्या, की माहिती दोन वाटांनी एकदम जाते. दुसरी पट्टी त्याने स्वतः लावली. कार्डाच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी पैशांत ती आली. झटके थांबले.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवू शकत होता, पण विंडोजमध्ये तो ६० वरच ठेवलेला होता. ते एका क्लिकचं काम. गेममध्ये सावल्या आणि कडा गुळगुळीत करायचे पर्याय असतात, ते खाली आणले की कार्डावरचा भार उतरतो आणि नेमबाजीत त्याने काही बिघडत नाही. लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवायचा नाही, हवा घ्यायची जाळी बहुतेक वेळा खालच्या बाजूला असते. मागे दोन पुस्तकं घालून उंच करा आणि खेळताना चार्जर लावलेला ठेवा, कारण बॅटरीवर लॅपटॉप स्वतःच वेग आवरतो. आणि मुलं "लॅग" हा एकच शब्द दोन वेगळ्या दुखण्यांना वापरतात. चित्र झटके खातं ते कॉम्प्युटरचं दुखणं. चित्र सुरळीत, पण गोळी उशिरा लागते, माणसं मागे सरकतात, ते इंटरनेटचं. त्याचा आकडा पिंग. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, लांब नाही. पण राउटर हॉलमध्ये आणि मूल दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वायफायवर असेल, तर पिंग उड्या मारणारच. एक लांब केबल टाका. तिथे ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरची गोष्ट सांगायलाच हवी. त्याने मुलाच्या हट्टापायी नवं कार्ड घेतलं. फरक पडेना. आठ महिने बाप मुलाला उधळ्या म्हणत राहिला आणि मुलगा गप्प राहिला. मी एकदा चहाला गेलो होतो, सवयीने पेटीच्या मागे वाकून बघितलं. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या जुन्या खाचेत होती. नव्या कार्डाला ती लावलीच नव्हती. कार्ड आठ महिने नुसतं बसून होतं. केबल बदलायला अर्धा मिनिट लागला. त्या मुलाने आठ महिने जे ऐकून घेतलं, त्याचं मात्र काही करता आलं नाही.

आणखी एका गोष्टीची मला खरी भीती वाटते. एफपीएस वाढवायचा म्हणून मुलं इंटरनेटवर शोधतात आणि "एका क्लिकमध्ये दुप्पट" असं सांगणारं काहीतरी उतरवून घेतात. सूचना असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. मूल करतं, कारण त्याला घरी विचारायची सोय नसते. त्याच कॉम्प्युटरवर आई वीजबिल भरते आणि बँकेचे पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेले असतात. फुकट मिळणाऱ्या चोरीच्या गेमचं आणि खेळात लबाडी करायच्या सॉफ्टवेअरचंही तेच. लबाडी पकडायला व्हॅलोरंट स्वतःचं पहारा देणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात बसवतो आणि पकडला गेला तर खेळाडूचं खातं बंद होतं. आमच्या घरात एक नियम आहे: जे अँटिव्हायरस बंद करायला सांगतं ते उतरवायचं नाही, आणि चुकून उतरवलंच तर त्याच दिवशी सांगायचं. सांगितल्याबद्दल ओरडा मिळणार नाही, हे वचन मी दिलं आहे. विंडोज १० ला सुरक्षेचे नियमित अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, तेही बघून घ्या. घरचा कॉम्प्युटर अजून त्यावर असेल, तर त्याचा विचार गेमच्या वेगाआधी करायला हवा.

आता तुमच्या मनात जे आहे ते. बंदुकांचा खेळ सुधारायला बापाने मदत करायची? हा प्रश्न माझ्या पत्नीने पहिल्याच दिवशी विचारला आणि तो योग्यच होता. व्हॅलोरंटला अमेरिकेत १३ वर्षांपुढच्यांसाठीचा शिक्का आहे, युरोपात १६ पुढच्यांसाठीचा. आमचा मुलगा पंधराचा. सहावीतल्या मुलाच्या हातात मी तो देणार नाही आणि तुम्हीही देऊ नका. पंधराव्या वर्षी मी होकार दिला, पण अटींवर. अनोळखी लोकांशी माइकवर बोलणं बंद. तिथे काय भाषा चालते ते एकदा हेडफोन लावून स्वतः ऐका. गेममध्ये पैसे खर्च करायचे ते विचारून. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे पैज न लावता होणाऱ्या गेमच्या स्पर्धांना, मात्र त्याच कायद्यात मान्यता आहे. हा फरक मुलांनाही माहीत असावा. आणि साडेदहाला पेटी बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगशी संबंधित विकार आहे. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं, या त्याच्या खुणा. त्या दिसल्या, तर कॉम्प्युटर उघडून उपयोग नाही. डॉक्टरांकडे जा. पण अडकणाऱ्या गेमवर चिडलेला प्रत्येक मुलगा आजारी नसतो.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. एका वेळी एकच बदल करायचा, आधी मोजायचं, नंतर मोजायचं. दार काढलं, मोजलं. पेटी साफ केली, मोजलं. पट्टी लावली, मोजलं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या डिप्लोमाच्या पोरांना हे शिकवायला मला वर्ष लागतं. माझा मुलगा ते तीन रविवारांत शिकला, कारण प्रश्न त्याचा स्वतःचा होता. विज्ञानाच्या पुस्तकातल्या उष्णतेच्या धड्याशी त्याने तो स्वतःहून जोडला.

गेम सुरळीत चालवण्याचं काम करून पोट भरणारी माणसं आपल्या राज्यात आहेत, हेही त्याला मी दाखवलं. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने 'मास्कगन' हा शूटर बनवला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात 'इंडस' आणला. हे मोबाइलचे गेम आहेत. साध्या फोनवर गेम अडकू नये म्हणून कुठे किती काम वाचवायचं, हा तिथल्या इंजिनिअरांचा रोजचा प्रश्न असतो. ही विद्या जुनी आहे. १९९३ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'डूम' नावाचा शूटर आला, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरांत आजच्यासारखी ग्राफिक्स कार्डंच नव्हती. जॉन कारमॅक या प्रोग्रामरने खोल्यांचा नकाशा आधीच अशा तऱ्हेने कापून ठेवला, की खेळाडूला भिंतीआडचं जे दिसणार नाही ते रंगवायला वेळच जाऊ नये. ज्या कॉम्प्युटरांवर हे शक्य नाही असं वाटत होतं, त्यांवर ते चाललं. मी मुलाला खेळाडू हो असं म्हणत नाही, खेळून पोट भरणारे फार थोडे असतात. पण आपल्या शहरात १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि विद्यापीठाच्या आवारात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. दहावीनंतर काय, हा विषय त्याने आता स्वतः काढला आहे.

वही अजून टेबलावर आहे. ऑक्टोबरच्या उन्हात त्याने पुन्हा एकदा तापमान टिपलं, ८०. वर्षातून दोनदा, होळीनंतर आणि दिवाळीच्या साफसफाईत, पेटी उघडायची असं त्यानेच पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे.

तुमच्याकडेही मूल असंच कुरकुरत असेल, तर हो किंवा नाही म्हणायच्या आधी एकदा मागे खुर्ची टाकून बसा आणि विचारा, किती मिनिटांनी अडकतं? मग येत्या रविवारी पेटी उघडा. प्लग आधी काढा, आणि स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात द्या.